‘वुडलँड वाइल्डफ्लॉवर मिक्स’चं पाकीट इंदूरच्या बागेत कितपत चालतं?

पाचांपैकी दोन गुण, आणि तेही आतल्या दोन जातींच्या जोरावर.

ऑनलाइन मिळणारं हे पाकीट पाच ग्रॅमचं. पुढच्या बाजूला मेपलच्या झाडाखाली पांढऱ्या फुलांचा गालिचा आणि त्याखाली मजकूर: सावलीत येणारी जंगली फुलं, एकदा पेरा, दरवर्षी फुलतील, देखभाल शून्य. इंदुरात लोकमान्य नगर, रामबाग, सुदामा नगर अशा भागांतल्या बऱ्याच घरांना आंब्याची नाहीतर शेजारच्या इमारतीची सावली पडते, तिथे ऊन न मागणारं फूल कुणाला नको? म्हणून हे पाकीट खपतं. पण नाव सोनुबाई आणि हाती कथलाचा वाळा. ते कसं, हे सविस्तर सांगायला हवं, कारण आतलं सगळंच टाकाऊ नाही.

आधी फोटोबद्दल. पाकिटावरचं फूल टूथवर्टचं आहे, कार्डामाइन कॉन्काटेनाटा. उत्तर अमेरिकेच्या पूर्व भागातल्या जंगलांत आपसूक उगवणारं मोहरी कुळातलं रानफूल. एका देठावर तीन पानांचं वर्तुळ, प्रत्येक पान बोटांसारखं खोल चिरलेलं, वर पांढऱ्या किंवा फिकट गुलाबी चार पाकळ्यांच्या फुलांचा झुबका. जमिनीखाली दातांसारखे गाठाळ कंद, चवीला मुळ्यासारखे तिखट. मोहरी कुळाची खूण फुलातच दिसते: चार पाकळ्या फुलीसारख्या समोरासमोर आणि सहा पुंकेसर, त्यांत चार लांब, दोन आखूड. परसातल्या मोहरीचं किंवा मुळ्याचं फूल उघडून पाहिलंत तर हाच हिशेब सापडेल.

हे टूथवर्ट पाकिटात नाही. असूही शकत नाही, कारण त्याचं बी कोरडं ठेवलं की मरतं. शेंग तडकली की ताजं, ओलसर असतानाच पेरावं लागतं, मग आधी उबदार आणि नंतर थंड असे ओलसर महिने जमिनीत काढल्यावर ते रुजतं. ज्या कुणी पाकिटाचं चित्र निवडलं त्याने फूल सुंदर निवडलं, एवढंच म्हणता येईल.

मागच्या बाजूला, बारकोडच्या खाली, भिंगातून वाचावी लागेल अशा अक्षरांत सहा नावं आहेत. लोब्युलेरिया मॅरिटिमा म्हणजे आपलं एलिसम. इबेरिस अम्बेलाटा म्हणजे कँडीटफ्ट. मॅथिओला इन्काना म्हणजे स्टॉक. एरिसिमम चेरी म्हणजे वॉलफ्लॉवर. हेस्पेरिस मॅट्रोनालिस, ज्याला डेम्स रॉकेट म्हणतात. आणि लुनारिया अ‍ॅन्युआ, म्हणजे ऑनेस्टी. सहाही मोहरी कुळातले, तेवढं खरं. पण यांतला एकही अमेरिकेच्या जंगलाचा मूळ रहिवासी नाही. एलिसम, कँडीटफ्ट आणि स्टॉक भूमध्य समुद्राच्या काठचे, उन्हातान्हात, खडकांवर वाढणारे. वॉलफ्लॉवर जुन्या दगडी भिंतींच्या फटींत येतं. झाडांच्या कडेला, अर्धवट सावलीत राहायची खरी सवय आहे ती फक्त लुनारिया आणि हेस्पेरिसला. गंमत अशी की सावली सोसणारे हे दोघेच इंदुरात फुलत नाहीत आणि फुलतात त्यांना ऊन लागतं.

हेस्पेरिसबद्दल आणखी एक गोष्ट. युरोप-आशियातून गेलेलं हे झाड उत्तर अमेरिकेत जंगलांच्या कडेला इतकं पसरलं की कोलोरॅडो आणि मॅसॅच्युसेट्ससारख्या राज्यांनी ते उपद्रवी ठरवलं आहे. तरी ‘जंगली फुलांच्या’ मिश्रणांत ते वर्षानुवर्षे येत राहिलं, कारण बी स्वस्त आणि उगवण हमखास. त्याच कुळातल्या गार्लिक मस्टर्डची कथा त्याहून वाईट. १८६८ मध्ये न्यूयॉर्कजवळच्या लाँग आयलंडवर त्याची पहिली नोंद झाली आणि आज ते तिथल्या जंगलात टूथवर्टच्याच जागा बळकावतं. टूथवर्टवर वाढणारं वेस्ट व्हर्जिनिया व्हाइट हे फुलपाखरू फसून गार्लिक मस्टर्डवर अंडी घालतं, आणि त्यातून निघालेल्या अळ्या मरतात. या पाकिटात गार्लिक मस्टर्ड नाही, हे विक्रेत्याच्या बाजूने सांगायला हवं.

आता मिश्रणाची गोम. अशी पाकिटं वजनाने भरली जातात. एलिसमचं बी धुळीसारखं, एका ग्रॅममध्ये साधारण तीन हजार दाणे. स्टॉकचे सहाशेच्या आसपास, कँडीटफ्टचे साडेतीनशे. लुनारियाचं बी मात्र चपटं, मूत्रपिंडाच्या आकाराचं, नखाएवढं; ग्रॅममध्ये जेमतेम पन्नास. सहा जाती सारख्या वजनाने घातल्या असं धरलं तर पाच ग्रॅममध्ये एलिसमचे अडीच हजार दाणे आणि लुनारियाचे चाळीस. म्हणजे दर दहा दाण्यांत सहा एलिसमचे. हे मिश्रण रेतीत कालवून वाफ्यावर विस्कटलं, पाकिटावर सांगितलंय तसं, की आठवड्याभरात एलिसम दाट उगवतं, त्याखाली स्टॉक आणि वॉलफ्लॉवर गुदमरतात आणि लुनारियाची रोपं मुळात दिसतच नाहीत. ‘सहा रंगांची उधळण’ पाहिजे असणाऱ्याला पांढरी चादर मिळते. उगवण वाईट म्हणून लोक तक्रार करतात, पण दोष उगवणीचा कमी आणि मिसळण्याचा जास्त.

त्याहून मोठा घोळ ऋतूंचा आहे आणि तो कुठल्याही बियाण्याने सुटणारा नाही. टूथवर्ट ज्या जंगलात राहतं तिथे झाडं हिवाळ्यात निष्पर्ण असतात. बर्फ वितळतं, जमीन ओलीचिंब असते, हवा थंड असते आणि वर पानांचं छत अजून यायचं असतं. त्या चार-सहा आठवड्यांत जमिनीलगतची फुलं ऊन पिऊन घेतात, फुलतात, बी धरतात आणि छत दाटलं की कंदात परत जातात. ‘सावलीतलं फूल’ असं आपण म्हणतो, पण फुलायच्या वेळी ते उन्हातच असतं. मालव्यात पानगळ होते फेब्रुवारी ते एप्रिलमध्ये. राळामंडळच्या टेकडीवर किंवा पातालपाणीच्या वाटेवर मार्चमध्ये गेलात तर सागाखाली भरपूर ऊन आहे, पण जमीन कोरडी ठणठणीत आणि पारा पस्तिशीकडे. ऊन आहे तेव्हा ओल नाही. ओल आहे तेव्हा, म्हणजे पावसाळ्यात, छत दाट. म्हणून आपल्या जंगलातली जमिनीलगतची फुलं पावसाळी आहेत: तेरडा, कळलावी, रानहळद, सफेद मुसळी. मोहरी कुळ इथे हिवाळी शेताचं आहे, जंगलाच्या सावलीचं नाही. ज्यांना आंब्याखाली काही फुलवायचंच आहे त्यांनी जूनमध्ये रानहळदीचे किंवा मुसळीचे कंद लावावेत आणि मोहरी कुळाचा नाद सोडावा.

लुनारियाची जाहिरात त्याच्या शेंगांसाठी होते. शेंग नाण्यासारखी गोल आणि चपटी. वाळल्यावर दोन्ही बाजूंची टरफलं सोलली की मधला पडदा उरतो, अभ्रकासारखा चमकणारा, आणि तो सुक्या गुच्छांत वर्षभर टिकतो. इंदुरात तो बघायला मिळणार नाही. हे झाड द्विवर्षायू: पहिल्या वर्षी पानांचा गुच्छ, मग लांब थंडी, मग फूल. ही थंडी म्हणजे एखाद्या रात्रीचा गारठा नव्हे, पाच अंशांच्या आसपास दहा-बारा आठवडे. इंदूरचं जानेवारीतलं सरासरी किमान तापमान दहाच्या घरात आणि दुपारी पुन्हा पंचवीस-सव्वीस. काहीजण बी फ्रीजमध्ये ठेवून पेरतात. त्याने लुनारियाला फसवता येत नाही, कारण थंडी बियाला नाही, सात-आठ आठवड्यांच्या वाढलेल्या रोपाला लागते. परिणाम असा की मार्चपर्यंत तळहाताएवढी रुंद, खरखरीत, हृदयाच्या आकाराची पानं मिळतात आणि मेमध्ये झाड मरतं. हेस्पेरिसचीही तीच गत. दोन्ही नावं पाकिटावर असतील तर तेवढे पैसे पाण्यात.

वॉलफ्लॉवर हा काठावरचा गडी. लवकर फुलणारा, एकवर्षायू वाण असेल तर फेब्रुवारीत थोडी फुलं देतं. साधा वाण असेल तर पानंच. पाकिटावर वाण लिहिलेला नाही. त्यावर वेळ घालवू नये.

स्टॉकवर मात्र थोडं थांबायला हवं, कारण याचा वास. संध्याकाळी लवंगेची आठवण करून देणारा, आणि चार रोपं असली तरी बाल्कनी भरते. स्टॉकला फूल धरायला दहाएक पानं झाल्यावर दोन-तीन आठवडे अठरा अंशांखालची हवा लागते. दिवसा पारा पंचवीसच्या वर जाऊ लागला की कळी यायला उशीर होतो. इंदुरात डिसेंबर-जानेवारीच्या रात्री हे काम करून देतात, पण त्यासाठी रोप डिसेंबर लागायच्या आधी तेवढं मोठं झालेलं पाहिजे. नोव्हेंबरच्या शेवटी पेरलेलं स्टॉक हमखास फसतं: पानं होईपर्यंत थंडी ओसरते. ऑक्टोबरच्या दुसऱ्या आठवड्यात, दुपारचं ऊन चुकवून, ट्रेमध्ये पेरलं तरच जमतं. दुसरी अडचण एकेरी-दुहेरीची. दुहेरी, म्हणजे भरगच्च पाकळ्यांचं फूल वांझ असतं, त्याला शेंग धरत नाही. त्यामुळे बी नेहमी एकेरी झाडाचं आणि त्यातून साधारण निम्मी झाडं दुहेरी निघतात. निवडीच्या खास वाणांत थंड हवेत रोपाचा रंग पाहून ओळखता येतं: फिकट पोपटी ते दुहेरी, गडद हिरवं ते एकेरी. पाकिटातलं स्टॉक कुठल्या वाणाचं हे लिहिलेलं नाही, तेव्हा रंगावर भरवसा ठेवून रोपं उपटू नका. एकेरी फुलाला वास तेवढाच असतो आणि मधमाश्या त्याच्यावरच येतात.

उरले एलिसम आणि कँडीटफ्ट. दोन गुण दिले ते यांच्यासाठी. ही दोन फुलं इंदूरच्या हिवाळ्याला इतकी मानवतात की रोपवाटिकेत दिवाळीनंतर पहिली रोपं यांचीच येतात. पेरणी अशी करावी.

वेळ: कोजागिरीच्या आसपास सुरू करून नोव्हेंबरच्या पहिल्या आठवड्यापर्यंत. ऑक्टोबरच्या सुरुवातीला दुपारी अजून बत्तीस-तेहतीस अंश असतात, तेव्हा एलिसम उगवतं पण रोप लुकडं होऊन कोलमडतं. कँडीटफ्ट जागेवरच पेरलेलं बरं, त्याच्या सोटमुळाला हलवणं मानवत नाही.

माती: इंदूरची काळी माती एकटी कधीच नको. पाणी दिलं की चिखल, वाळली की भेगा, आणि भेगांत कोवळी मुळं तुटतात. कुंडीसाठी दोन भाग काळी माती, एक भाग जाडसर रेती, एक भाग मुरलेलं कंपोस्ट. रोपांच्या ट्रेसाठी काळी माती अजिबात नको: निम्मं कोकोपीट, निम्मी धुतलेली रेती. काळ्या मातीचा सामू (pH) साडेसात ते साडेआठ असतो, यात या कुळाची हानी नाही, उलट फायदा: कोबीवर्गात मुळांना गाठी आणणारा क्लबरूट हा रोग आम्लधर्मी मातीतला, तो आपल्याकडे फिरकत नाही. कंपोस्टचं म्हणाल तर या शहराला त्याची कमी नसावी. १९२४ साली ब्रिटिश शेतीशास्त्रज्ञ अल्बर्ट हॉवर्ड यांनी इंदुरात इन्स्टिट्यूट ऑफ प्लांट इंडस्ट्री उभी केली, आणि पालापाचोळा, शेण, माती, राख यांचे थर लावून, अधूनमधून उलथून तीन महिन्यांत खत करायची ती ‘इंदूर पद्धत’ १९३१ मध्ये पुस्तकात आली. आज घरच्या ओल्या कचऱ्याचंही चांगलं खत होतं, पण पूर्ण मुरलेलं पाहिजे. हातात घेतल्यावर गरम लागत असेल किंवा आंबूस वास येत असेल तर रोपं करपतील.

मोहरीची पेंड, जिला बाजारात सरसों खली म्हणतात, ती बी पेरण्याच्या मातीत कधीही मिसळू नका. ओल लागताच तिच्यातून मोहरीचा तोच झणझणीत वायू सुटतो आणि नाजूक बियाण्याची उगवण मारतो, त्याच कुळातल्या बियांचीसुद्धा. रोपं बोटभर झाल्यावर मात्र पेंडीचं पाणी उत्तम: शंभर ग्रॅम पेंड लिटरभर पाण्यात चार-पाच दिवस भिजवून, गाळून, दसपट पाण्यात, पंधरवड्यातून एकदा. त्याहून जास्त दिलं तर पानं फोफावतात आणि फुलं मागे पडतात.

खोली: एलिसमच्या बियाला रुजायला उजेड लागतो. वरून माती टाकू नये. ओल्या पृष्ठभागावर भुरभुरावं आणि तळहाताने हलकं दाबावं. इथेच बहुतेकांची चूक होते. पाकिटावर सगळ्या मिश्रणाला ‘अर्धा इंच खोल’ असं एकच माप दिलंय, म्हणजे एलिसमची निम्मी बी तिथेच गेली. कँडीटफ्टला अर्धा सेंटिमीटर, स्टॉकला त्याहून थोडं कमी. बी भिजवून पेरू नका. अळीव भिजवल्यावर जसा बुळबुळीत होतो तसाच एलिसमच्या दाण्यालाही ओलीने चिकट थर येतो, मग दाणे एकमेकांना चिकटून एकाच जागी पुंजका उगवतो. कोरड्या बारीक रेतीत, एकास दहा, मिसळून भुरभुरलं की अंतर नीट पडतं.

पाणी: पहिले दहा दिवस वरून पाणी नाही. ट्रे पाण्याच्या परातीत ठेवा, ओल वरपर्यंत आली की काढा. एलिसम पाच ते दहा दिवसांत, स्टॉक आठ-दहा दिवसांत, कँडीटफ्ट दहा-बारा दिवसांत वर येतं. रोप जमिनीलगत तपकिरी होऊन आडवं पडू लागलं की ती मर, बुरशीने होणारी. कारण तीनच: दाट पेरणी, ओल जास्त, हवा खेळती नाही. एकदा लागली की ट्रेचा तो कोपरा काढून टाकणं हाच उपाय. आधीच किलोभर मातीत पाच-दहा ग्रॅम ट्रायकोडर्मा (रोगट बुरशीला रोखणारी उपयोगी बुरशी) मिसळलं तर सहसा वेळ येत नाही.

अंतर: एलिसम आठ इंची कुंडीत तीन, वाफ्यात पंधरा सेंटिमीटरवर. कँडीटफ्ट थोडं जास्त. स्टॉक एका आठ इंची कुंडीत एकच. विरळणी करताना जीव तुटतो, पण करावीच.

ऊन: सकाळचं चार-पाच तास. पूर्वेची बाल्कनी सर्वांत चांगली. आंब्याच्या गर्द सावलीत एलिसम उंच, विरळ, फिकट होतं, फुलं नावापुरती. कडुनिंबाखाली पहिले दोन महिने तसंच, पण फेब्रुवारीत निंबाची पानं झडू लागली की एकदम खुलतं. म्हणजे ‘सावलीत येणारं’ हे बिरुद एलिसमला लागू पडलंच, तर एवढ्या एका झाडाखाली.

फूल: एलिसम सहा ते आठ आठवड्यांत, कँडीटफ्ट आठ-दहा. कँडीटफ्टचा झुबका जवळून पाहा: प्रत्येक फुलाच्या बाहेरच्या दोन पाकळ्या आतल्या दोघींपेक्षा चांगल्या मोठ्या, त्यामुळे सगळा झुबका बाहेर तोंड करून बसल्यासारखा दिसतो. एलिसमचा पहिला बहर संपत आला, खालची फुलं वाळून इवल्या गोल शेंगा दिसू लागल्या, की कात्रीने वरचा एक तृतीयांश भाग सरसकट कापा आणि पेंडीचं पाणी द्या. दोन-तीन आठवड्यांत पुन्हा भरून येतं. हे केलं नाही तर जानेवारीअखेर झाड बी धरून थांबतं. कँडीटफ्ट दुसरा बहर फारसा देत नाही, म्हणून त्याच्या पेरण्या पंधरा दिवसांच्या अंतराने दोन कराव्यात. होळीनंतर दोघांनाही निरोप.

किडीत मुख्य मावा. जानेवारीच्या शेवटी ढगाळ हवा आली की कोवळ्या शेंड्यांवर राखाडी-हिरवा थर दिसतो. मोहरीचा मावा तोच इथे. पहिल्या दिवशी शेंडा चिमटून टाका. पसरला असेल तर लिटरभर पाण्यात पाच मिलिलिटर निंबोळी तेल आणि थेंबभर भांड्यांचा साबण, सूर्य कलल्यावर, पानांच्या खालून. फुलांवर मारू नका, मधमाश्या एलिसमवर दिवसभर असतात. वाफ्याच्या कडेला दोन-चार मोहरीची रोपं सोडली तर मावा आधी त्यांच्यावर जातो, मग ती उपटून टाकायची. पानांच्या खाली पांढरे, खडूसारखे फोड आले तर तो पांढरा तांबेरा. ती पानं काढा, पाणी सकाळीच द्या आणि पुढच्या वर्षी त्या कुंडीत मोहरी कुळातलं काही लावू नका. पानांना छऱ्याने टोचल्यासारखी बारीक भोकं असतील तर उड्या मारणारा काळा भुंगेरा. रोप लहान असतानाच त्याचा त्रास, नंतर नाही.

आता हेच बी दुसरीकडे कुठे? छावणीच्या बाजूच्या बियाण्यांच्या दुकानांत सप्टेंबरअखेर हिवाळी फुलांच्या सुट्या जाती येतात, एका पुडीत एकच जात. या मिश्रणाच्या एका पाकिटाच्या पैशांत तिथे एलिसम पांढरं, एलिसम जांभळं, कँडीटफ्ट मिश्र आणि स्टॉक अशा चार पुड्या घेऊन वर सुटे पैसे उरतात. जात वेगळी, म्हणून खोली वेगळी, वेळ वेगळी, अंतर वेगळं ठेवता येतं. खोट एवढीच की दुकानदार पुडीवर तारीख बघू देईलच असं नाही, मागून घ्या. ज्यांना पेरणीची कटकट नको त्यांनी नोव्हेंबरच्या मध्यावर रोपवाटिकेतून रोपं आणावीत. निवडताना फुलावर आलेलं रोप नको, चार-सहा पानांचं बुटकं घ्या. पिशवी उलटी करून पाहा, मुळं खालून बाहेर आली असतील तर ते रोप जुनं. रोपवाले इंदुरी भाषेत सरळ सांगतात, ‘‘भिया, ये सर्दी का आयटम है, होली तक चलेगा.’’ पाकिटावरच्या सगळ्या मजकुरापेक्षा हे एक वाक्य जास्त खरं आहे.

लेबलबद्दल तक्रार आहेच. बियाण्याच्या पाकिटावर जातीचं आणि वाणाचं नाव, लॉट नंबर, तपासणीची तारीख, कधीपर्यंत वापरावं आणि उगवणीची टक्केवारी एवढं असायलाच हवं. इथे फक्त भरल्याची तारीख. बी परदेशातून आलंय की इथलंच, याचाही उल्लेख नाही. परदेशी विक्रेत्याकडून पोस्टाने थेट बी मागवायचा विचार असेल तर थांबा. २००३ च्या वनस्पती संगरोध आदेशाप्रमाणे आयात परवाना आणि फायटोसॅनिटरी सर्टिफिकेट, म्हणजे बी रोग-किडींपासून मुक्त असल्याचा दाखला लागतो, नाहीतर पाकीट अडतं. आणि मे-जूनमध्ये अशी खरेदी करूच नका. गोदामात आणि डिलिव्हरीच्या गाडीत चाळीस अंशांत पडलेलं बी पेरणीपर्यंत अर्धमेलं होतं.

पाकीट आधीच घेऊन ठेवलं असेल तर असं करा. पांढऱ्या कागदावर सगळं पसरा. लुनारियाचे मोठे चपटे दाणे हाताने वेचा. मग स्टॉक: तपकिरी, गोल, भोवती फिकट पातळ कड. कँडीटफ्ट लालसर, चपटं, थोडं टोकदार. हेस्पेरिस लांबट, कोनेदार, तपकिरी. सगळ्यांत बारीक उरतं ते एलिसम. भिंग, टूथपिक आणि चिकाटी असली की हे जमतं. मग एलिसमचे पंचवीस दाणे ओल्या टिश्यूवर, झाकणाच्या डब्यात, घरातल्या गार कोपऱ्यात ठेवा. दहा दिवसांत जेवढे मोड आले त्याला चारने गुणलं की टक्केवारी. पन्नासच्या खाली आली तर पेरणी दुप्पट दाट करा, तिशीच्या खाली आली तर नवीन पुडी आणा.

हेस्पेरिस आणि लुनारियाचं बी फेकवत नाही म्हणून पचमढीला कुणाच्या बंगल्यावर पेरायचा मोह होतो. तो आवरा. हेस्पेरिसचा इतिहास वर सांगितलाच आहे आणि पचमढीचं जंगल संरक्षित आहे. उरलेलं एलिसम-कँडीटफ्ट काचेच्या बरणीत, सिलिका जेलच्या पुडीसकट, फ्रीजच्या खालच्या कप्प्यात ठेवा; पुढच्या कोजागिरीला चालेल.